प्रवासी, यात्री की उतारू?

वानवळा: आमच्या पुण्यातील बारा ज्येष्ठ नागरिकांचा गट फिजीला निघाला आहे आणि सूचनांची पुस्तिका तयार करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. तिरप्या चपट्या पिनांचे प्लग, भारताच्या साडेसहा तास पुढे असणारे घड्याळ, बरोबरचे खाद्यपदार्थ विमानतळावर न लपवता कार्डावर नोंदवणे, एवढे सगळे लिहून झाले. अडले ते भलत्याच ठिकाणी. नाडी शहरातील ज्या कुटुंबाकडे आम्ही उतरणार आहोत त्यांना मी हिंदीतून पत्र पाठवले आणि त्यात 'हम बारह प्रवासी आ रहे हैं' असे लिहिले. त्यावर त्या गृहस्थांनी मोठ्या आस्थेने विचारले की, आपण भारत सोडून कोणत्या देशात स्थायिक झालात? हिंदीत 'यात्री' लिहायला हवे होते हे आता कळले; परंतु मराठी पुस्तिकेला 'फिजी प्रवास' म्हणावे की 'फिजी यात्रा'? गटातील एका आजींच्या मते यात्रा म्हटली की तिच्या शेवटी देव हवा.

मोडीवाचक: चूक आपली नसून मराठीची आहे, असे मी नम्रपणे म्हणेन. 'प्र' आणि 'वस्' यांपासून झालेल्या 'प्रवास' या शब्दाचा मूळ अर्थ घरापासून दूर राहणे असाच आहे. ज्या नायिकेचा पती परगावी राहिला आहे ती 'प्रोषितभर्तृका', हे संस्कृत शिकलेल्यांना आठवेल. हिंदीने तो अर्थ जपला, म्हणून 9 जानेवारीला परदेशी वसलेल्या भारतीयांसाठी 'प्रवासी भारतीय दिवस' असतो आणि तो ऐकून मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर मात्र फलाटावर वळकटी घेऊन बसलेले लोक येतात. आपल्याकडे फलाटावरच 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' आणि पाठोपाठ 'यात्रीगण कृपया ध्यान दें' असे दोन्ही ऐकू येते, तरी फरक कुणाच्या लक्षात येत नाही. पुस्तिकेत आपला जुना, निर्मळ 'उतारू' वापरावा, ही माझी सूचना.

सराफाकाठची: काका, आमची इंदुरात चौथी पिढी आहे, म्हणून सांगते, ती पुस्तिका चुकूनही हिंदी भाषकाच्या हाती पडू देऊ नका. हिंदीत 'उतारू' म्हणजे एखाद्या गोष्टीला, बहुधा भांडणाला, हट्टाने सरसावलेला. 'वह लड़ने पर उतारू है' हे आमच्या गल्लीत रोज ऐकू येते. बारा उतारू येत आहेत असे कळले तर यजमान दाराला आतून कडी घालतील. आणि मूळ अर्थ म्हणजेच खरा अर्थ, हा आग्रह मला मान्य नाही. शेकडो वर्षे मराठी माणूस गावाहून गावाला जाण्यालाच प्रवास म्हणत असेल, तर तोच त्याचा अर्थ. 'यात्रे'ला देव हवा हेही तितकेसे खरे नाही, कारण अंत्ययात्रा आणि पदयात्रा आपण म्हणतोच. फक्त पुस्तिका ज्येष्ठांसाठी असल्याने पहिले उदाहरण त्या आजींना देऊ नये.

दर्यावर्दी: मी फिजीच्या राजधानीत, सुव्याला, दोन वर्षे काढली आहेत. प्रथम एक दुरुस्ती: ते शहर 'नाडी' नव्हे, 'नांदी'. फिजीच्या मूळ भाषेत 'ड' आणि 'ब' यांच्या आधी अनुनासिक येतेच, पण रोमन लिपीत ते लिहीत नाहीत. म्हणून तिथल्या दुसऱ्या एका शहराचे नाव लबासा असे वाचावे आणि 'लंबासा' म्हणावे. दुसरी गोष्ट पुस्तिकेत अवश्य घाला. तिथल्या हिंदीवर अवधी-भोजपुरीची छाप आहे आणि तिच्यात 'हम' म्हणजे 'मी'. आम्ही म्हणायचे असेल तर 'हम लोग'. पहिल्याच आठवड्यात शेजारीणबाई 'हम आएगा' असे सांगून गेल्या, मी घरातल्या सगळ्यांना धरून चार जणांचा भात टाकला आणि संध्याकाळी बाई एकट्याच दाराशी चपला काढताना दिसल्या. 'आएगा' ऐकून मुंबईच्या हिंदीसारखे हसूही नका, तिथे तेच नियमाला धरून आहे. मूळ फिजियन लोकांच्या गावात जाणार असाल, तर टोपी आणि गॉगल काढून ठेवावेत, खांदे झाकावेत आणि 'सेवुसेवु' म्हणजे भेट म्हणून यंगोनाच्या, म्हणजे कावाच्या, मुळ्यांची जुडी गावप्रमुखापुढे ठेवावी. त्या मुळ्यांच्या पेयाची करवंटी हाती आली की एक टाळी वाजवून ती एका दमात रिकामी करतात आणि मग तीन टाळ्या वाजवतात. जीभ थोडी बधिर होते, घाबरू नये.

मोडीवाचक: 'सेवुसेवु' हा उघडच 'सेवा' या शब्दाचा अवतार दिसतो. प्रमुखाची सेवा, दुसरे काय?

दर्यावर्दी: मोडीवाचक, भारतातील मजुरांचे पहिले जहाज फिजीला लागले ते 1879 मध्ये आणि सेवुसेवुची चाल त्याच्या कितीतरी आधीची आहे. हिंदीचा ठसा हवाच असेल तर 'गिरमिट' घ्या. मजुरांनी 'ॲग्रीमेंट'चे गिरमिट केले आणि त्यावरून ते गिरमिटिये झाले. साठ हजारांहून अधिक लोक तसे तिथे गेले. हा शब्द तिथे थट्टेने उच्चारू नये, एवढे मात्र पुस्तिकेत ठळक छापा.

रंधा: आमच्या वडिलांच्या हत्यारांच्या पेटीत गिरमिट होते: आडवी लाकडी मूठ, खाली पिळाचे टोक, आणि ते फिरवताना पडणारा वळीदार भुसा. तो शब्द इंग्रजी 'गिमलेट'वरून आला, असे ऐकून आहे. म्हणजे दोन इंग्रजी शब्द वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच रूपाला पोहोचले, असे म्हणायचे का?

सराफाकाठची: हुबळीला गिरमिट खायलाही मिळते, चुरमुऱ्यांचे. ते कुठून आले?

वानवळा: सर्वांचे आभार, 'नांदी' आणि 'हम' यांची दुरुस्ती केली आहे. परंतु सोमवारी पुस्तिका छापायला जायची आहे आणि मुखपृष्ठावर अजून फक्त 'फिजी' एवढेच आहे. प्रवास की यात्रा, हे कृपया कुणीतरी सांगावे.

मोडीवाचक: सांगतो, पण त्याआधी 'उतारू'बद्दलचा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. होडीतून धक्क्यावर उतरणारा तो उतारू, हा सरळ अर्थ सोडून भांडखोर अर्थ हिंदीत शिरला कसा, हे आधी पाहावे लागेल.