सी-२०४ च्या अथर्वचे इलेक्टिव्ह आणि आपल्या पार्किंगमधील खांब

सौ. वैद्य, सी-२०४ (रविवार, रात्री ८.१०)
सर्वांना नमस्कार. हा विषय सोसायटीचा नाही याची जाणीव आहे, म्हणून आधीच क्षमा मागते. अथर्व सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या कॉलेजने सातव्या सत्राच्या इलेक्टिव्हची, म्हणजे निवडीच्या विषयांची, यादी शुक्रवारी संध्याकाळी लावली आणि उद्या पाच वाजता लिंक बंद होणार आहे. पहिल्या गटात प्रगत स्ट्रक्चरल डिझाईन, फाउंडेशन इंजिनिअरिंग, ट्रान्सपोर्टेशन आणि सांडपाणी प्रक्रिया हे विषय आहेत; दुसऱ्या गटात बांधकाम व्यवस्थापन, जीआयएस (संगणकीय नकाशांचा विषय) आणि इमारतींची दुरुस्ती व पुनर्वसन. प्रत्येक गटातून एक विषय घ्यायचा असून २० मुले जमली नाहीत तर तो विषय रद्द होतो आणि मुलांना जिथे जागा असेल तिथे ढकलतात. दोन दिवस आमच्या घरात जेवताना दुसरे बोलणे नाही. ह्यांचे एक म्हणणे, माझ्या भावाचे दुसरे आणि अथर्व गप्प. आपल्यातील अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

कर्वे (सचिव)
वहिनी, आपली अडचण समजू शकतो. तथापि हा समूह सोसायटीच्या कामकाजापुरता आहे, असे मे महिन्यातील आंब्यांच्या पेट्यांच्या प्रकरणानंतर सर्वानुमते ठरले होते, याची नम्र आठवण करून देतो.

सावंत, बी-१०३
सर्वानुमते ठरले तेव्हा पाच माणसे हजर होती आणि त्यांतल्या तिघांनी पेट्या आधीच उचलल्या होत्या. वहिनी, आपण विचारा.

गोखले, ए-१०२
माझे स्पष्ट मत असे आहे की मुलाने या सर्व विषयांत न अडकता संगणकशास्त्राचा मायनर घ्यावा. माझा पुतण्या सिव्हिल करून आज सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि त्याने सिमेंटच्या गोणीला हातही लावलेला नाही. पुढील काळ कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे.

सौ. वैद्य, सी-२०४
गोखलेकाका, मायनरची, म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाची, नोंदणी दुसऱ्या वर्षातच झाली. ती मुदत टळून गेली आहे.

जोशी, सी-३०१
वहिनी, जलसंपदा विभागात ३४ वर्षे काढलेला माणूस म्हणून लिहितो. विषयाच्या नावाकडे नंतर पाहा, तो शिकवणार कोण हे अथर्वला आधी शोधून काढू द्या. यादीत प्रगत स्ट्रक्चरल डिझाईन असे भारदस्त नाव असते आणि वर्गात मात्र नुकताच एम.टेक. झालेला, स्वतः एकही इमारत न पाहिलेला मुलगा आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकातली कलमे फळ्यावर उतरवून देतो. उलट सांडपाण्यासारख्या विषयाला, ज्याच्याकडे मुले नाक मुरडतात, एखादा असा प्राध्यापक असतो की मुले पुढे त्याच कामात आयुष्य काढतात. चौथ्या वर्षातल्या मुलांना एक फोन केला तर हे दहा मिनिटांत कळते.
दुसरे असे की, जे पुढे स्वतः वाचून येण्यासारखे आहे ते कॉलेजात घेऊ नये. मातीचा विषय पुस्तक वाचून येत नाही. आपल्याकडे कमी अंतरात काळ्या मातीखालून मुरूम आणि मुरुमाखालून काळा पाषाण लागतो. ती काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर उथळ पाया घातला की कंपाऊंडच्या भिंतींना तिरके तडे जातात. पानशेतचे धरण मातीचे होते. १२ जुलै १९६१ ला ते फुटले, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि आमच्या घराच्या ओट्यापर्यंत पाणी आले होते. वरचा बांध सर्वांना दिसतो, त्याच्या पोटातली पाणी सोडण्याची मोरी आणि तिच्याभोवतीचा भराव कोणाला दिसत नाही. माझे मत फाउंडेशन इंजिनिअरिंग.

पाटील, ए-४०१
जोशीसाहेबांचा आदर राखून सांगतो की, सरकारी नोकरीतले शहाणपण खासगी क्षेत्रात चालत नाही. माझ्या साईटवर दरवर्षी सात-आठ नवे पदवीधर येतात आणि त्यांतल्या सहा जणांना बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता, वाचता येत नाही. स्लॅबच्या सळईखाली कव्हर ब्लॉक कशासाठी ठेवतात हे विचारले की छताकडे बघतात. त्यांना बांधकाम व्यवस्थापन द्या. कामाचे वेळापत्रक, बिले, ठेकेदाराशी व्यवहार, या गोष्टींवर पगार मिळतो.

लेले, सी-५०१
पाटीलसाहेब, कामाच्या वेळापत्रकाचा विषय आपणच काढलात म्हणून विचारते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग आपल्या देखरेखीखाली झाले, त्याला दोन पावसाळे झाले. माझ्या बेडरूमच्या छतावर आजही भारताच्या नकाशाएवढा ओला डाग आहे. हे कोणत्या इलेक्टिव्हमध्ये शिकवतात?

सावंत, बी-१०३
लेलेताई, मागच्या वर्षी आपण श्रीलंकेएवढा म्हणाला होतात. प्रगती आहे.

पाटील, ए-४०१
ताई, मी ते काम सोसायटीसाठी विनामोबदला पाहिले होते. उताराची दुरुस्ती अंदाजपत्रकातून कोणी काढली ते सचिवांना विचारावे. यापुढे मी अशा कामात पडणार नाही.

कर्वे (सचिव)
अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेने मंजूर केले होते. कृपया मूळ विषयाकडे वळावे. अर्थात तोही या समूहाचा नाही.

गोखले, ए-१०२
माझ्या मुद्द्याला कोणी उत्तर दिलेले नाही, म्हणून पुन्हा लिहितो. माझे स्पष्ट मत असे आहे की मुलाने या सर्व विषयांत न अडकता संगणकशास्त्राचा मायनर घ्यावा. पुढील काळ कृत्रिम बुद्धिमत्तेचा आहे.

निमकर, बी-३०२
वैद्य वहिनी, माझी मुलगी सहा वर्षे मुंबईत एका डिझाईन ऑफिसमध्ये आहे. आताच तिच्याशी बोलले आणि तिने सांगितले ते तिच्या परवानगीने लिहिते. मुलांची अशी समजूत असते की स्ट्रक्चरल म्हणजे हुशार मुलांचे आणि बाकीचे उरलेल्यांचे. तिच्या वर्गात ती याच समजुतीने स्ट्रक्चरलला गेली आणि नोकरीत पहिले वर्षभर स्टॅड आणि ईटॅब्स ही इमारतीचा हिशेब करणारी सॉफ्टवेअर चालवत बसली. ते सॉफ्टवेअर दोन-तीन महिन्यांत हाताला बसते. अडचण अशी की ते सहसा ‘उत्तर नाही’ असे म्हणत नाही. खांबाच्या तळाशी आधार चुकीचा दाखवला तरी ते रंगीत आकृतीसह उत्तर देते. ते उत्तर खोटे आहे हे ओळखायला हाताने केलेला हिशेब लागतो आणि तो शिकवणारा माणूस लागतो. तेव्हा स्ट्रक्चरल घ्यायचे तर सॉफ्टवेअरसाठी घेऊ नये.
गेटची, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेची, काळजी करत असाल तर ती सोडा. गेटच्या सिव्हिलच्या पेपरात ६५ प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यांतले १५ गुण सामान्य क्षमतेचे, साधारण १३ गणिताचे आणि बाकीचे सर्व मूळ विषयांचे, म्हणजे स्ट्रक्चर, माती, पाणी, पर्यावरण, वाहतूक आणि सर्व्हे हे सगळेच करावे लागतात. इलेक्टिव्ह कोणते होते असे तिथे कोणी विचारत नाही. माझ्या मुलीच्या वर्गातला एक मुलगा ट्रान्सपोर्टेशन घेऊन पुढे एम.टेक.ला जिओटेक्निकलला, म्हणजे मातीच्या विषयाला, गेला.

सौ. वैद्य, सी-२०४
निमकरताई, खूप आभार. माझा भाऊ नेमके याच्या उलट सांगत होता की, इलेक्टिव्ह चुकले की एम.टेक.चा रस्ता बंद. आणि एमपीएससीचे काय?

जोशी, सी-३०१
तिथेही पात्रता पदवीची पाहतात, इलेक्टिव्हची नाही. भावाला सांगा.

निमकर, बी-३०२
आणखी एक. तिच्या मते त्या दुसऱ्या गटातला इमारतींच्या दुरुस्तीचा विषय मुले सहसा शेवटच्या क्रमांकावर टाकतात, पण पुण्या-मुंबईत पुढची कित्येक वर्षे त्या कामाला तोटा नाही. आपली इमारत १९९२ ची. आदर्श उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करावे लागते. अशा किती सोसायट्या एकट्या आपल्या गल्लीत आहेत ते मोजा.

जोशी, सी-३०१
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आपले ऑडिट होऊन तीन आठवडे झाले. अहवाल कुठे आहे?

कर्वे (सचिव)
अहवाल कमिटीच्या विचाराधीन आहे. योग्य वेळी सभासदांपुढे ठेवण्यात येईल.

जोशी, सी-३०१
योग्य वेळ म्हणजे खांब पडण्यापूर्वी की नंतर, एवढे कळवावे.

कर्वे (सचिव)
जोशीसाहेब, आपण निवृत्त कार्यकारी अभियंता आहात, म्हणून गेली चार वर्षे आपला प्रत्येक टोमणा मी अभिप्राय म्हणून नोंदवून घेत आलो आहे. हे पद मला हौसेने मिळालेले नाही. कोणी पुढे येत असल्यास उद्याच किल्ल्या देतो.

(कर्वे यांनी यानंतरचा एक संदेश हटवला आहे.)

सावंत, बी-१०३
किल्ल्या घ्यायला कोणी येणार नाही याची साहेबांना खात्री आहे, म्हणून तर ते इतके निर्धास्तपणे देतात.

देसाई, ए-२०४
आम्ही सध्या ह्यूस्टनला लेकीकडे आहोत, इथे सकाळ आहे. जावई सिव्हिलमध्येच आहेत आणि त्यांनी एक उपयोगी माहिती दिली. अमेरिकेत प्रोफेशनल इंजिनिअरची परीक्षा सिव्हिलमध्ये पाच शाखांतून देता येते: बांधकाम, जिओटेक्निकल, स्ट्रक्चरल, ट्रान्सपोर्टेशन आणि जलसंपदा व पर्यावरण. त्याआधी एक प्राथमिक परीक्षा असते आणि परवाना मिळायला बहुतेक राज्यांत साधारण चार वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे शाखा पक्की होते ती नोकरीत, पदवीच्या वर्गात नाही. ते स्वतः पुण्यात असताना बांधकाम व्यवस्थापन घेऊन शिकले आणि आता पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे काम करतात. ऑडिटचा अहवाल मलाही पाहायचा आहे, आमच्या खालचाच खांब आहे.

गोखले, ए-१०२
देसाईसाहेबांच्या जावयांनीही काळानुसार विषय बदलला, हेच मी सांगत आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की मुलाने संगणकशास्त्राचा मायनर घ्यावा.

लेले, सी-५०१
गोखलेकाका, नोंदणीची मुदत संपली आहे असे वहिनींनी ८.३० ला लिहिले आहे.

गोखले, ए-१०२
मुदत वाढवून मिळते. अर्ज करावा.

सौ. वैद्य, सी-२०४ (रात्री ९.५२)
अथर्वला समूहात घेतले आहे. तो स्वतः लिहितो म्हणाला. इतका वेळ मी बोलत होते तेव्हा त्याला बोलायचे नव्हते, हेही नोंदवून ठेवते.

अथर्व वैद्य
सर्वांना नमस्कार. आईने इथे विचारले आहे हे मला सावंतकाकांनी जिन्यात सांगितले. ऑडिटच्या दिवशी मला फक्त गाडी काढून जागा मोकळी करायला खाली पाठवले होते, पण मी तीन तास तिथेच उभा राहिलो. देसाईआजोबांच्या गाडीशेजारच्या खांबाचे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, आधीच फुगले होते. आलेल्या इंजिनिअर ताईंनी छिन्नीने त्याचा एक कोपरा फोडला, ब्रशने धूळ झटकली आणि ताज्या भागावर एका बाटलीतून फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे अल्कली असेल तिथे गुलाबी होणारे रसायन, फवारले. आतले काँक्रीट क्षणात गडद गुलाबी झाले आणि बाहेरचा बोटाच्या दोन पेरांएवढा थर मात्र होता तसाच राखाडी राहिला. आम्हाला हे तिसऱ्या वर्षात एका ओळीत शिकवले होते की काँक्रीटच्या अल्कलीमुळे सळई गंजत नाही आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती अल्कली हळूहळू संपते. मी ती ओळ परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते, पण गुलाबी रेघ सळईच्या मागे गेलेली पाहिली तेव्हा कळले की ती सळई आता उघड्यावर आहे. ताईंनी माझ्याकडून काँक्रीटचा टणकपणा पाहणाऱ्या हातोडा चाचणीचे आकडे लिहून घेतले. एका खांबाला सगळीकडे चांगले आकडे आले, तरी त्या म्हणाल्या की हा हातोडा फक्त वरच्या थराबद्दल बोलतो आणि असा जुना, कार्बोनेट झालेला थर उलट टणक लागतो, त्यामुळे नुसत्या या आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो.
त्यामुळे दुसऱ्या गटातून मी दुरुस्तीचा विषय घेत आहे. संध्याकाळपर्यंत १७ मुले झाली होती, तीन मित्रांना आताच तयार केले आहे. पहिल्या गटाचे जोशीआजोबांनी सांगितल्याप्रमाणे सीनिअरला विचारले. फाउंडेशनला असलेले सर पूर्वी स्वतः साईटवर बोअरिंग करून घेत असत आणि मुलांना मातीचे नमुने हातात देऊन ओळखायला लावतात, असे तो म्हणाला. तेच घेतो. बाबांना स्ट्रक्चरल हवे होते, त्यांच्याशी मी बोललो आहे.
पाटीलकाका, बार बेंडिंग शेड्यूल मला वाचता येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या साईटवर येऊ का?

पाटील, ए-४०१
ये. सकाळी आठला, नऊला नाही. बूट घालून ये.

अथर्व वैद्य
धन्यवाद काका. कर्वेकाका, एक विनंती आहे. दुरुस्तीच्या विषयात प्रकल्पासाठी एका खऱ्या इमारतीचा अहवाल लागतो. आपल्या ऑडिटची प्रत मिळेल का?

सावंत, बी-१०३
शाब्बास. जे सर्वसाधारण सभेला जमले नाही ते सातव्या सत्राने केले.

कर्वे (सचिव)
अथर्व, अहवाल बुधवारी संध्याकाळी सहा ते सात या वेळेत कार्यालयात वाचता येईल. प्रत बाहेर देता येणार नाही. जोशीसाहेब, आपणही येऊ शकता. येताना अभिप्राय लेखी आणावा.

जोशी, सी-३०१
चष्मा आणि पट्टी घेऊन येतो. अथर्व, पावणेसहाला माझ्याकडे ये, आधी तो खांब बघू.

गोखले, ए-१०२
माझ्या मुद्द्याला अद्याप उत्तर मिळालेले नाही.