मृत्युपत्रातून शाळा काढणाऱ्याला दाता म्हणायचं का?

तलावपाळीकर: ला मार्टिनियर शाळांसाठी पैसा ठेवणाऱ्या फ्रेंच क्लॉड मार्टिनचं ‘थोर दाता’ म्हणून कौतुक आता पुरे. ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी, अवधच्या नवाबाचं शस्त्रागार, वर व्याजबट्टा. त्यातून गडगंज झाला, १८०० साली लखनौत वारला आणि मृत्युपत्रात शाळा. मेल्यावर देणं हे दान नव्हे.

घोडबंदरवाला: हे वाचून गप्प बसवेना. कोलकाता, लखनौ आणि जन्मगाव ल्यों, तिन्हीकडच्या शाळांसाठी त्याने पैसा ठेवला. रक्कम कोर्टात अडकली म्हणून कोलकात्याची ला मार्टिनियर १८३६ ला उघडली, लखनौची १८४५ ला. दोराबजी टाटांनी १९३२ मध्ये सगळी संपत्ती ट्रस्टला दिली आणि त्याच वर्षी गेले. त्या पैशातून १९३६ ला नागपाड्यात समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं, तीच आजची देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे टिस. तेही दान नव्हे?

तलावपाळीकर: दोराबजींनी हयातीत सही केली, फरक आहे. आणि पैसा आला कुठून हे विचारायचंच नाही? जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जमशेटजी जीजीभॉयांनी लाख रुपये दिले, पण कमाईत चीनला विकलेली अफू होतीच ना?

नेरूळवाली: अफू राहू द्या हो. नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी सिडकोने इथे शाळांना सवलतीत भूखंड दिले. खरे दाते ती आगरी-कोळी गावं, ज्यांची भातशेती गेली. त्यांचं नाव कुठल्या फाटकावर आहे? माझ्या मुलाच्या शाळेचं मैदान तर लग्नांना भाड्याने जातं, पोरांचा पीटीचा तास वर्गात!

उरणचा: ताई, दान म्हणू नका, आमच्या म्हाताऱ्यांना लागतं. ते भूसंपादन होतं. १९८४ च्या आंदोलनात दि. बा. पाटलांसोबत माणसं रस्त्यावर उतरली, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. घेतलं ते आमच्याकडून, आणि पाटीवर संस्थाचालकाचे वडील!

नेरूळवाली: बरोबर आहे तुमचं, शब्द मागे घेते. पण पाटीवर गावाचं नाव पाहिजेच.

घोडबंदरवाला: अहो, विषय मृत्युपत्राचा आहे! माझ्या वडिलांची मॅट्रिकची फी एका कापडवाल्या शेठच्या मृत्युपत्रातल्या फंडातून भरली गेली. शेठने मापात मारलं असेलही. पण फी भरली नसती तर वडील तलाठी झाले नसते, शेतावर मजुरी करत राहिले असते. त्यांना जाऊन सांगा हे दान नव्हे म्हणून!

तलावपाळीकर: आवाज चढवू नका. वडिलांची फी मान्य, त्या शेठचं नाव जरूर लावा. पण पैसा कसा कमावला, तेही त्याच पाटीवर लिहा. मार्टिनला मी यापलीकडे काही देणार नाही.