हेवीच्या ट्रायलला रिव्हर्समधे दोनदा नापास झालोय, तिसऱ्या वेळेआधी काय करू?

पिकअपवाला_संगमनेर

नमस्कार मंडळी. वय 26, चार वर्षं पिकअपवर आहे, कांदा टोमॅटो घेऊन नाशिक नाहीतर वाशी मार्केट, चंदनापुरी घाट आणि कसारा रात्रीचा किती वेळा उतरलो त्याची गणती नाही. म्हणजे गाडी हातात नाही असं नाहीये. आता हेवीचं, म्हणजे ट्रक बससारख्या मोठ्या गाड्यांचं, लायसन काढून पुढे एसटीच्या भरतीला बसायचंय, लर्निंग काढलं, ड्रायव्हिंग स्कूल लावलं आणि ट्रायलला सलग दोनदा नापास झालो. दोन्ही वेळा रिव्हर्समधेच.

स्कूलची एकच जुनी ट्रक आहे आणि आम्ही सहा पोरं, प्रत्येकाच्या वाट्याला रोज दहा पंधरा मिनिटं, तीही आठवड्यातून दोन तीनदाच. स्कूलच्या फॉर्म 5 च्या दाखल्यावर मात्र पूर्ण ट्रेनिंग झालं म्हणून सही शिक्का. रिव्हर्स शिकवलं ते पण खुणांवर, हा बांबू आरशाच्या कडेला आला की फुल मार, तो पुढचा बांबू दाराच्या मधे आला की सोड. स्कूलच्या मैदानात बरोबर बसायचं. ट्रायलच्या मैदानात बांबूंचं अंतर वेगळं, माझ्या सगळ्या खुणा गेल्या. पहिल्यांदा मागचा कोपरा बांबूला लागला, दुसऱ्यांदा लागू नये म्हणून इतकं फिरवलं की गाडी आडवीच झाली. आरटीओचे साहेब काही बोलले नाहीत, नुसतं उतरा म्हणाले.

घरचे म्हणतात एजंटला दे आणि मोकळा हो. मला ते करायचं नाही कारण उद्या मागे पन्नास माणसं बसणार आहेत आणि मला स्वतःलाच माहीत असेल की आपल्याला गाडी मागे घेता येत नाही. कोणी हेवी चालवणारं असेल तर नीट सांगा, खुणा नकोत, गाडी कशी समजून घ्यायची ते सांगा.

कळंबोली_ट्रान्सपोर्ट

भावा आधी तारखा सांभाळ. नापास झाल्यावर 7 दिवसांनी परत ट्रायल देता येते पण तीनदा नापास झालास तर कायद्यानं 60 दिवस थांबावं लागतं, आणि लर्निंगची मुदत 6 महिने, त्यात ते 60 दिवस गेले तर पंचाईत. म्हणून घाईत तिसरी तारीख घेऊ नको. पंधरा दिवस जाऊदेत पण हात बसल्याशिवाय जाऊ नको.

आणि एक, तुझ्या पिकअपला एलएमव्हीवर, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर, काही अडचण नाही, 7500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळा ट्रान्सपोर्टचा शेरा लागत नाही असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मधे पक्कं केलंय. म्हणजे रोजीरोटी चालू ठेवून हे कर. एजंटला पैसे देऊ नको हे तू ठरवलंस ते लाख बोललास, माझ्याकडे असे लायसनवाले येतात आणि पहिल्याच दिवशी डॉकला गाडी लावताना शटर तोडतात.

कराड_एसटी_निवृत्त

पोरा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी एसटीत 31 वर्षं होतो, कराड चिपळूण कुंभार्ली घाटातून बरीच वर्षं केलं आणि शेवटची सहा वर्षं डेपोत नवीन पोरांना गाडीवर घ्यायचं काम होतं. पिकअपवरून आलेली पोरं रिव्हर्सला का चुकतात ते मी शंभरदा बघितलंय, सांगतो.

पिकअपमधे पुढचं चाक तुझ्या पायाच्या पुढे असतं. ट्रकमधे तू जवळजवळ चाकाच्या वर बसतोस. आणि बसमधे पुढचं चाक तुझ्या पाठीमागे असतं, दरवाज्याच्याही मागे. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली तर अर्धं काम झालं. चार वर्षं तुझ्या हाताला सवय लागलीय की कोपरा दिसला की स्टेअरिंग फिरवायचं, मोठ्या गाडीत तसं केलंस की मागचं चाक आतून कापतं आणि आतला बांबू जातो. बसमधे तर कोपरा ओलांडून तू स्वतः पुढे जायचं, पलीकडच्या गटारावर आपण लटकतोय असं वाटलं पाहिजे, मग फिरवायचं. नवीन पोरं इथं घाबरतात, साहजिक आहे.

आता रिव्हर्स. मोठ्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर जास्त, म्हणून स्टेअरिंग फिरवल्यावर मागचं टोक लगेच वळत नाही, चार पाच फूट मागे गेल्यावर कळतं वळतंय म्हणून. तुझा पिकअपचा हात म्हणतो अजून वळली नाही, अजून फिरव. मग जेव्हा वळायला लागते तेव्हा जास्तच वळते, तू घाबरून उलटं फिरवतोस, ते पण उशिरा लागू पडतं आणि गाडी सापासारखी जाते. दुसऱ्या ट्रायलला तुझं नेमकं हेच झालं असणार. उपाय एकच आहे, थोडं फिरव आणि थांब. म्हणजे हात थांबव, गाडीला हळूहळू मागे जाऊदे, आरशात बघ मागचं चाक रेषेकडे येतंय की लांब जातंय, मग पुढचं ठरव. गाडी मुंगीच्या चालीनं, अॅक्सिलरेटरला पाय नको, सपाट जागेवर आयडलवर हाफ क्लचमधे ती आपोआप जाते. तुझ्याकडे वेळ असला की हात आपोआप शहाणा होतो.

दुसरं, आरशात काय बघायचं. पोरं बांबू बघतात. बांबू नाही, मागचं चाक बघ. गाडी मागे जाताना मागच्या चाकाभोवती फिरते आणि पुढचा कोपरा बाहेर फेकला जातो. म्हणून उजवा आरसा, डावा आरसा, पुढचा कोपरा, परत उजवा, असं डोळे फिरत राहिले पाहिजेत. एका आरशात डोळे अडकले की समज गाडी लागली. आणि बसच्या मागच्या चाकाच्या मागे जो दहा एक फुटांचा भाग लोंबतो त्याला विसरू नको, स्टँडवर डावीकडे वळून गाडी काढताना तो उजवीकडे झाडू मारतो, शेजारी उभ्या गाडीचा आरसा तिथंच जातो.

सराव असा कर. एखादं मोकळं मैदान बघ, पण शेजारी हेवीचं लायसन असलेला माणूस बसवल्याशिवाय आणि एलच्या पाट्या लावल्याशिवाय गाडी हलवू नको, मैदान असलं तरी नको. जमिनीवर टँकरनं पाणी मारून घे आणि ओल्या मातीतून गाडी अर्धा चक्कर फिरव, मग खाली उतर आणि पुढच्या चाकाची वाट कुठून गेली आणि मागच्याची कुठून ते बघ. मागची वाट आतून गेलेली दिसेल. ते अंतर पावलांनी मोज. ते डोळ्यांनी एकदा बघितलेला माणूस आयुष्यात विसरत नाही, मी वर्गात फळ्यावर काढून दाखवायचो तेव्हा कुणाच्या डोक्यात शिरायचं नाही, मैदानात पाच मिनिटांत शिरायचं. मग जुने टायर उभे करून दोन बांबूंचं अंतर दर वेळी बदल. आज अकरा फूट, उद्या बारा, परवा साडेदहा. खुणा पाठ करायला जागाच ठेवू नको.

बाकी इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवणं आणि चढावर गाडी काढणं तुझं बरं असेल असं वाटतं. चढावर मात्र हवेचा काटा बघ. एअर ब्रेकच्या गाडीत हवा भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, काटा सातच्या पुढे जाऊदे, बझर वाजत असेल तर पहिला गियर टाकायचाच नाही. इन्स्पेक्टर साहेब समोर उभे आहेत म्हणून गडबडीत हवा न भरता पोरं गाडी ओढतात, साहेबांना ते लगेच कळतं. गाडीत बसण्याआधी एक फेरी मार, टायर बघ, खाली तेल बिल गळतंय का बघ. हे कुणी सांगितलं म्हणून नाही, आम्ही डेपोतून गाडी काढताना रोज केलंय.

स्कूलबद्दल लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. नियमात ट्रान्सपोर्ट गाडीचं ट्रेनिंग 30 दिवसांपेक्षा कमी नसावं असं आहे, दहा मिनिटं गाडी फिरवून फॉर्म 5 देणं म्हणजे पोराच्या जिवाशी आणि रस्त्यावरच्या लोकांच्या जिवाशी खेळ आहे. तू पैसे भरलेत, जाऊन सांग मला माझे तास पुरे करून द्या. लाजू नको.

पुणे_स्टेअरिंगताई

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त माझं सांगते. मी मागच्या वर्षी हेवी पास झाले, पहिल्यांदा नापासच झाले होते. माझी उंची कमी, क्लच पूर्ण दाबायला मी सीटवर पुढे सरकायचे आणि मग आरशात अर्धंच दिसायचं. स्कूलच्या सरांना वाटायचं मला रिव्हर्स जमत नाही, खरं तर मला दिसतच नव्हतं. मग सीट पुढे घेतली, पाठीमागे उशी लावली आणि आरसे परत लावले, त्याच आठवड्यात फरक पडला. दादा तू पण एकदा गाडी थांबवून बघ तुला डाव्या आरशात मागचं चाक जमिनीला टेकलेलं दिसतं का. नसेल दिसत तर आधी तेच दुरुस्त कर.

शक्य असेल तर पुण्यात नाशिक फाट्याला सीआयआरटी या रस्ते वाहतूक संस्थेच्या आवारात आयडीटीआर ही ड्रायव्हिंग शिकवणारी संस्था आहे तिथं चौकशी कर. एसटीच्या भरतीची संगणकीय चाचणी पण भोसरीला त्याच बाजूला झालेली आहे. सेन्सर लावलेल्या ट्रॅकवर साहेबासारखं कुणी दुर्लक्ष करत नाही, रेषेला चाक लागलं की लागलं. आतापासून त्या हिशोबानं हात बसव. 2023 च्या जूनमधे एसटीच्या महिला चालक अर्चना अत्राम यांनी सासवडहून नीरेला एसटी नेली ते मी टीव्हीवर बघितलं होतं आणि त्याच दिवशी घरी सांगितलं होतं की मला पण हेच करायचंय, त्यामुळे तुझी तळमळ मला कळते.

कळंबोली_ट्रान्सपोर्ट

ताईंचा मुद्दा बरोबर, आरशाचं कुणी सांगतच नाही. आणि पिकअपवाल्या, एसटीला नुसतं हेवी पुरत नाही, पीएसव्हीचा, म्हणजे प्रवासी गाडी चालवायचा, बिल्ला लागतो, त्यासाठी पोलीस व्हेरिफिकेशनला वेळ जातो, ते आधीच सुरू कर. अनुभवाची अट जाहिरातीत बघ, भरतीप्रमाणे बदलते.

पिकअपवाला_संगमनेर

काका, ताई, दादा, तुमचे उपकार. अपडेट देतो. आमच्या ओळखीच्या खडी क्रशरवाल्यांनी रविवारी डंपर आणि त्यांचा जुना ड्रायव्हर दोन्ही दिले, एलच्या पाट्या लावल्या, पाणी मारून चाकांच्या वाटा बघितल्या. काका खरंच सांगतो, मागचं चाक माझ्या तीन पावलं आतून गेलं होतं, मी चार वर्षं गाडी चालवतो आणि मला हे माहीत नव्हतं. रिव्हर्स सकाळी सात वेळा चुकला, दुपारी टायरांचं अंतर बदलून पाचातले तीन बरोबर आले. स्कूलमधे पण जाऊन बोललो, थोडी कुरबुर झाली पण आता सकाळी सहाला मला एकट्याला अर्धा तास गाडी देतात.

एक अडचण राहिली. डावीकडे मागे घेताना जमतं, उजवीकडे घेताना मी खिडकीतून डोकं बाहेर काढतो आणि डावा आरसा सुटतो. डोकं काढू की नको?

कराड_एसटी_निवृत्त

काढ, पण गाडी थांबवून. उजवीकडे डोकं बाहेर काढून बघायचं असेल तर पूर्ण थांब, बघ, आत ये, डावा आरसा बघ, मग परत हल. चालत्या गाडीत डोकं बाहेर असताना डावीकडची पुढची बाजू आंधळी असते आणि नेमका तोच कोपरा तेव्हा बाहेर फेकला जात असतो. ट्रायलला थांबलास म्हणून कुणी नापास करत नाही, पाच वेळा थांबलास तरी चालेल, लागली की संपलं. उजवीकडचे रिव्हर्स आता डावीकडच्या दुप्पट घे. पाचातले पाच सलग दोन दिवस आले की मग तारीख घे आणि इथं कळव.

पिकअपवाला_संगमनेर

बरं काका. उद्या सहाला उजवीकडचेच घेतो.