मदत हवी आहे: बंद टॉर्चमध्ये सेल उतरतो
टॉर्चला बाजूला इलेक्ट्रॉनिक बटण आहे, आत १८६५० आकाराचा रिचार्जेबल लिथियम-आयन सेल. बंद ठेवली तरी सेल उतरतो. बटणाकडे लक्ष ठेवायला आतला मायक्रोकंट्रोलर (टॉर्च चालवणारी छोटी चिप) सतत जागा असतो हे माहीत आहे, पण त्याला काही मायक्रोअँपिअर पुरायला हवेत. मागची टोपी काढून सेलचं ऋण टोक आणि नळीची कडा यांमध्ये मल्टिमीटर लावला, तर सुमारे २ मिलिअँपिअर दिसतात! म्हणजे ३००० मिलिअँपिअर-तासांचा सेल दोनेक महिन्यांत रिकामा.

टोपी जराशी सैल केली की सेल टिकतो. पण अडीअडचणीला अंधारात आधी टोपी आवळायची, हे मला पटत नाही.

बोर्डावर ओल धरली असेल, की एखाद्या कपॅसिटरमधून (वीज साठवणारा भाग) करंट गळत असेल? नेमकं कसं शोधायचं? कुणी अशी टॉर्च दुरुस्त केली असेल तर कृपया सविस्तर सांगा.