संघाचा भाव चढला की उतरला? ‘ऑड्स’ला मराठीत काय म्हणावं

प्रश्न

सोलापुरातल्या एका अंकासाठी फुटबॉल विश्वचषकाचं पान लावतोय. परदेशी बातम्यांत प्रत्येक देशाच्या संघापुढे प्रेडिक्शन मार्केटचे, म्हणजे निकालावर पैसे लावायच्या बाजाराचे, ‘ऑड्स’ दिलेले असतात. भाषांतराच्या यंत्रानं एकदा ‘विषमता’ दिलं, एकदा ‘शक्यता’. आमच्यातले जुने लोक सरळ ‘सट्ट्याचा भाव’ म्हणतात. छापायला काय योग्य?

उत्तर

‘विषमता’ तर पहिल्यांदा काढून टाका. तिचा इथे काडीचा संबंध नाही. ‘शक्यता’ लिहा, वाचकाला लगेच कळतं. दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ आहे, पण खेळाच्या पानावर ती जड होते.

उत्तर

‘शक्यता’ कळते हे खरं, पण बातमीत असते ती शक्यता नव्हे, किंमत. आधी ती किंमत कशी ठरते ते पाहू.

पॉलीमार्केट किंवा काल्शी या प्रेडिक्शन मार्केटवर ‘अमुक देश विश्वचषक जिंकेल का’ असा करार असतो. त्याला ‘होय’ आणि ‘नाही’ अशा दोन बाजू. समजा स्पेनचा ‘होय’ 17 सेंटला मिळतोय. स्पेन जिंकला तर त्या कराराचा एक डॉलर (100 सेंट) हातात येतो, हरला तर शून्य. म्हणून 17 सेंट म्हणजे साधारण 17 टक्के शक्यता, असं वाचलं जातं. हे वाचन झालं. मूळ आकडा मात्र घेणारा आणि विकणारा जिथे जुळले तो भाव आहे. अशा बाजाराची कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठानं 1988 मध्ये निवडणुकीसाठी असा बाजार चालवला होता.

भावात शक्यतेशिवाय बरंच काही मिसळलेलं असतं. चाहते आपल्या देशावर प्रेमापोटी पैसे लावतात. पैसे स्पर्धा संपेपर्यंत अडकून पडतात. दुबळ्या संघाच्या करारात व्यवहारच इतके थोडे होतात की दोन-चार जणांनी भाव हलतो. त्यामुळे ‘स्पेनची जिंकण्याची शक्यता 17 टक्के’ असं छापलं की ते कुणा तज्ज्ञानं गणित करून सांगितल्यासारखं वाटतं. ‘स्पेनचा भाव 17 सेंट, म्हणजे बाजाराच्या मते सुमारे 17 टक्के शक्यता’ असं लिहिलं की कोण बोलतंय ते वाचकाला दिसतं.

प्रश्न

सर, मग सगळीकडे ‘भाव’च लिहू का? बुकींचे आकडेही त्याच बातमीत असतात.

उत्तर

तिथेच खरी अडचण आहे. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो तो यासाठीच.

बुकीकडे आकडा उलटा चालतो. ब्रिटिश बुकी ‘5/1’ म्हणतो तेव्हा रुपयाला पाच रुपये नफा, वर मूळ रुपया परत. शक्यतेत मोजलं तर हे सहात एक, म्हणजे जेमतेम 17 टक्के. आपल्याकडचा सट्टेवाला पैशांत बोलतो: अमुक संघ 40 पैसे, म्हणजे रुपया लावला आणि तो संघ जिंकला तर 40 पैसे फायदा. दोन्हीकडे संघ बलवान असेल तितका आकडा लहान. करारांच्या बाजारात मात्र संघ बलवान असेल तितका भाव मोठा.

आता 22 नोव्हेंबर 2022 आठवा. सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला 2-1 असं हरवलं. त्या दिवशी बुकींकडे अर्जेंटिनाचा आकडा वाढला. एक डॉलरच्या कराराचा हिशेब धरला तर त्याच कारणानं भाव खाली येणार. दोन्ही ठिकाणी ‘भाव’ हाच शब्द वापरलात तर एका वाक्यात ‘अर्जेंटिनाचा भाव चढला’ आणि दुसऱ्यात ‘पडला’, आणि दोन्ही खरं! वाचकानं काय समजायचं?

आपला वाचक मार्केट यार्डातला कांद्याचा भाव रोज वाचतो. भाव पडला म्हणजे मालाच्या मानानं घेणारे कमी, हे त्याला सांगावं लागत नाही. करारांचा बाजार याच पद्धतीनं चालतो, म्हणून ‘भाव’, ‘चढला’, ‘उतरला’, ‘कडाडला’ हे शब्द तिथेच राखून ठेवा. बुकीसाठी ‘एकास पाच’ असं लिहा. मराठीत हे नीट रुळलेलं आहे, आणि चढ-उताराची भानगडच उरत नाही. ‘बुकींकडे एकास पाचवरून एकास आठ’ म्हटलं की संघावरचा विश्वास कमी झाला हे उघड आहे.

आणि हो, बाजार समितीचा दर आपण तारखेशिवाय छापत नाही. इथेही तारीख आणि वेळ द्या. एका गोलनं हा भाव पालटतो.

प्रश्न

‘सट्टा’ शब्दावर आमच्यात वाद आहे. काहींना ‘अंदाज बाजार’ सभ्य वाटतं.

उत्तर

नाव म्हणून ‘अंदाज बाजार’ चालेल, अर्थ बरोबर उतरतो. पण क्रियापद मऊ करू नका. ‘पैसे गुंतवले’ नको, ‘पैसे लावले’ लिहा. गुंतवणूक म्हटलं की मुदत ठेव आणि विमा आठवतो, आणि विशीतली पोरं त्या शब्दाला भुलतात. आपल्याकडे 2025 च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत. आकडा बातमी म्हणून द्या, पण कुठे आणि कसे लावायचे हे त्यात येऊ देऊ नका.

उत्तर

‘जिंकणार’ या शब्दाकडेही लक्ष द्या. 2022 चा अंतिम सामना अर्जेंटिनानं जिंकला, हे सगळे म्हणतात. पण 90 मिनिटं संपली तेव्हा 2-2 होते, जादा वेळेनंतर 3-3, आणि पेनल्टीवर 4-2. ‘सामन्याचा निकाल’ हा करार बहुतेक ठिकाणी 90 मिनिटं आणि भरपाईचा वेळ एवढ्यावरच निकाली निघतो. तिथे त्या रात्री उत्तर ‘बरोबरी’ होतं. म्हणून ‘सामना जिंकणार’ आणि ‘करंडक जिंकणार’ हे वेगळे ठेवा. करार ‘सुटला’ किंवा ‘संपला’ यापेक्षा ‘निकाली निघाला’ हे मला जास्त चपखल वाटतं.

प्रश्न

सगळ्यांचे आभार. नमुन्याचं वाक्य असं केलंय, तपासा: ‘गुरुवारी रात्री दहापर्यंत अंदाज बाजारात स्पेनचा करंडक जिंकण्याचा भाव 17 सेंटवरून 21 सेंटवर चढला. बुकींकडे हाच संघ एकास पाचवरून एकास चारवर आला.’

उत्तर

छान आहे. ‘21 सेंटवर चढला’ च्या पुढे ‘म्हणजे सुमारे 21 टक्के’ एवढं जोडा. आणि ‘वर आला’ ऐवजी ‘झाला’ करा. ‘वर’ दिसलं की वाचक पुन्हा चढ समजेल.