टीबीची औषधे चालू आणि माला-एनवर डाग: पाळणा लांबवायला आता काय द्यावे?

तालुक्याचा_जीपी
पेशंट 26 वर्षांची, फुप्फुसाचा टीबी, औषधे सुरू होऊन दोन महिने झालेत. बाळ आठ महिन्यांचे, अजून अंगावर पिते. बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर माला-एन (रोजची गर्भनिरोधक गोळी) सुरू केली होती, ती नियमित घेते. गेले तीन आठवडे पाळी नसतानाही मधूनमधून रक्ताचे डाग दिसतात. हिमोग्लोबिन 8.4, बीपी 110/70. दुसरे मूल दोन-तीन वर्षांनी हवे आहे. सासूबाईंचा तांबीला विरोध आहे, तिचा स्वतःचा नाही. माला-एन बदलून छाया ही दुसरी गर्भनिरोधक गोळी द्यावी असे मनात आहे. चालेल का? की माला-एनच रोज दोन द्याव्यात?

स्त्रीरोग_ओपीडी
दोन्ही नको. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे यकृतातली एन्झाइम्स वाढतात आणि माला-एनमधले इथिनाइल इस्ट्राडिओल (0.03 मिग्रॅ) व लिव्होनॉरजेस्ट्रेल (0.15 मिग्रॅ) दोन्ही झपाट्याने मोडतात. हे डाग बहुधा त्याचेच आहेत. गोळी एकही न चुकवता डाग सुरू झाले, तर आधी औषधांची यादी बघायची. रोज दोन गोळ्या देऊन हे भरून निघेल याची खात्री नाही.

छाया दिसायला सोपी वाटते, कारण त्यात हॉर्मोन नाही. पण टीबीसारखा दीर्घ आजार आणि अलीकडची कावीळ या दोन्हींत ती देऊ नये असे शासनाच्या सूचनांमध्येच आहे. टीबीच्या औषधांनी कावीळ कधी होईल ते सांगता येत नाही, म्हणून हा मुद्दा इथे दुप्पट लागू.

पण पद्धत ठरवण्याआधी दुसरे काम आहे. ती दोन महिने जवळजवळ विनासंरक्षण आहे, तेव्हा आजच लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करा. माला-एनच्या पाकिटातल्या लोहाच्या सात गोळ्यांच्या दिवसांत अंगावरून गेले म्हणजे दिवस राहिलेले नाहीत, असे धरू नका. टेस्ट निगेटिव्ह आली तरी शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा करायची, कारण त्याआधीची निगेटिव्ह टेस्ट पुरेशी नसते.

क्षयरोग_केंद्र
वरच्याशी सहमत. या पेशंटसाठी माझी पहिली पसंती अंतरा, म्हणजे गर्भनिरोधक इंजेक्शन. त्यातले हॉर्मोन एमपीए, 150 मिग्रॅ, त्याचा शरीरातून निचरा रिफाम्पिसिनमुळे फारसा बदलत नाही. त्यामुळे डोस तोच आणि अंतरही तोच, तीन महिने. 'टीबी आहे म्हणून दहा आठवड्यांनी द्या' असे अनेक जण सांगतात, त्याला आधार नाही. पाळी कमी होत जाते, हा 8.4 हिमोग्लोबिनला फायदाच. बाळ सहा आठवड्यांच्या पुढे आहे, म्हणून दुधाची अडचण नाही.

देताना: कुपी नीट हलवा, तळाशी पांढरा थर राहिला तर डोस अपुरा जातो. दंडात किंवा कमरेत खोल स्नायूत द्या. नंतर जागा चोळायची नाही, शेकायची नाही. तसे केल्यास औषध लवकर शोषले जाते आणि तीन महिने पुरत नाही. घरी गेल्यावर शेक द्यायची सवय असते, म्हणून हे सासूबाईंच्या समोरच सांगा. पाळीच्या पहिल्या सात दिवसांत दिले तर लगेच संरक्षण. एरवी दिले, तर पुढचे सात दिवस निरोध. पुढची तारीख कार्डावर लिहा. दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत चालते, त्यापुढे गेल्यास गर्भ नसल्याची खात्री करूनच द्या.

तालुक्याचा_जीपी
धन्यवाद, छाया रद्द. दोन शंका. संबंध परवाच झाले आहेत. आणि अंतराने डाग वाढले तर? ती आधीच त्रासली आहे.

स्त्रीरोग_ओपीडी
परवाच म्हणजे पाच दिवसांच्या आत, मग तांबीचा विचार आजच करा. ती तातडीचे संरक्षण देते, रिफाम्पिसिनचा तिच्यावर परिणाम नाही आणि 380ए प्रकारची तांबी दहा वर्षे चालते. फुप्फुसाच्या टीबीत हरकत नाही. मात्र ओटीपोटाचा टीबी असेल तर बसवू नये. ओटीपोटात जुने दुखणे, कमी झालेली पाळी, तपासणीत गाठ किंवा दुखरेपणा, यातले काही असेल तर थांबा. तिला आठ महिन्यांचे बाळ आहे, त्यामुळे शक्यता कमी, पण हाताने तपासल्याशिवाय नाही. हिमोग्लोबिन कमी आहे, तेव्हा लोहाच्या गोळ्या आणि जास्त अंगावरून गेल्यास लगेच यायची सूचना. सासूबाईंना बोलवा, समजावा, पण निर्णय तिचा.

तांबी नको म्हणाली तर लिव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिग्रॅच्या दोन गोळ्या एकदम, 72 तासांच्या आत. नेहमीची एक गोळी रिफाम्पिसिनवर पुरत नाही. पाठोपाठ त्याच दिवशी अंतरा, सात दिवस निरोध आणि तीन आठवड्यांनी टेस्ट. टेस्टच्या तारखेला आशाताईंना घरी जायला सांगून ठेवा, ही तारीख हमखास चुकते.

डागांबद्दल: पहिले तीन ते सहा महिने अनियमित अंगावरून जाणे अपेक्षित असते, हे सुई टोचण्याआधी सांगितले तर पेशंट टिकते. त्रास झाल्यास मेफेनामिक ॲसिड 500 मिग्रॅ दिवसातून दोनदा, जेवणानंतर, पाच दिवस. पोटाचा अल्सर किंवा किडनीचा त्रास नाही ना ते बघून. डाग थांबवायला माला-एन देण्याची पद्धत आहे, ती इथे उपयोगाची नाही.

क्षयरोग_केंद्र
अजून एक. औषधांच्या काळात तिचे वजन वाढेल, ते टीबी बरा होत असल्याचे लक्षण. घरचे 'इंजेक्शनने सुटली' म्हणून पुढचा डोस बंद करतात. वजनाची नोंद अंतराच्या कार्डावरही ठेवा आणि हे आधीच सांगून ठेवा. दुसऱ्या मुलाबद्दल: अंतरा थांबवल्यावर शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात, ते हिशेबात धरून बंद करा. तिला पुन्हा गोळ्याच हव्या असतील, तर रिफाम्पिसिनचा शेवटचा डोस झाल्यावर चार आठवडे जाऊ द्या, एन्झाइम्स उतरायला तेवढा वेळ लागतो. तोवर अंतराचा पुढचा डोस चुकवू नका.