जुना सर्व्हर बदलताना कामांचा क्रम कसा ठरवावा?

प्रश्न

नमस्कार. आमच्या कार्यालयातील संगणकांची संख्या वाढत वाढत चाळिसाच्या घरात गेली आहे, परंतु सर्व्हर अजून एकच आहे. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर चालणाऱ्या या एकाच यंत्रावर ॲक्टिव्ह डिरेक्टरी (वापरकर्ते व संगणकांची मध्यवर्ती नोंद), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा), डीएचसीपी (संगणकांना आयपी पत्ते वाटणारी सेवा), सामायिक फोल्डर, प्रिंटर आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस (मोफत डेटाबेस) असा सगळा भार आहे. या आवृत्तीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला, त्यामुळे व्यवस्थापनाने आता नव्या यंत्राला मंजुरी दिली आहे आणि विक्रेता विंडोज सर्व्हर २०२५ सुचवत आहे. शनिवार-रविवारच्या सुट्टीत सगळे एकदम हलवावे की टप्प्याटप्प्याने? आणि जुन्या सर्व्हरचे नाव तसेच ठेवता येईल का, कारण प्रत्येक संगणकावरील नेटवर्क ड्राइव्ह त्याच नावाने जोडलेले आहेत?

पहिले उत्तर

एकदम हलवू नका. सोमवारी सकाळी काही बंद पडले, तर दोष डीएनएसचा, परवानग्यांचा की डेटाबेसचा हे शोधण्यातच दिवस जाईल. एका वेळी एकच भूमिका (सर्व्हरचे एक काम) हलवली, तर बिघाड कुठे आहे हे आपोआप कळते.

विक्रेत्याने बहुधा एक गोष्ट सांगितलेली नाही. २०२५ चा डोमेन कंट्रोलर (ॲक्टिव्ह डिरेक्टरी सांभाळणारा सर्व्हर) जोडण्यासाठी डोमेनची, म्हणजे त्या नोंदीखालील संपूर्ण नेटवर्कची, फंक्शनल लेव्हल (सुविधांची पातळी) किमान २०१६ असावी लागते आणि २०१२ आर२ चा कंट्रोलर डोमेनमध्ये असेपर्यंत ती तेवढी वाढवता येत नाही. म्हणून आधी २०२२ चा कंट्रोलर उभा करा. व्हॉल्यूम लायसन्स घेतल्यास खालची आवृत्ती वापरण्याचा हक्क मिळतो, तेव्हा खरेदीपूर्वीच हे लेखी ठरवून घ्या. वापरकर्त्यांचे जुने कॅल (सर्व्हर वापरण्याचे परवाने) नव्या आवृत्तीला चालत नाहीत, त्यामुळे अंदाजपत्रकात ती रक्कमही धरावी लागेल. तुमचे डोमेन २००३ च्या काळात सुरू झालेले असेल, तर सिसव्हॉल (कंट्रोलरांमधील सामायिक फोल्डर) अजून फाइली जुळवण्याच्या जुन्या एफआरएस पद्धतीने चालते का हेही तपासा. तसे असल्यास आधी डीएफएसआर या नव्या पद्धतीवर जावे लागेल, कारण २०१९ पासूनच्या आवृत्त्या एफआरएस असलेल्या डोमेनमध्ये कंट्रोलर होऊ शकत नाहीत.

नवे यंत्र केवळ हायपर-व्ही साठी (व्हर्च्युअल मशीन चालवण्यासाठी) ठेवल्यास स्टँडर्ड लायसन्समध्ये त्यावर दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. पहिल्यावर कंट्रोलर, डीएनएस आणि डीएचसीपी ठेवा, दुसऱ्यावर फाइली आणि एसक्यूएल. डेटाबेस आणि डोमेन कंट्रोलर एकाच ठिकाणी नसलेलेच बरे.

नवा कंट्रोलर जोडल्यावर प्रतिकृती (दोन्ही कंट्रोलरांमधील नोंदी जुळणे) नीट होते याची खात्री करा, मग पाचही फिस्मो भूमिका (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) त्याच्याकडे द्या. त्यांपैकी पीडीसी एम्युलेटर जिकडे जातो तिकडे वेळेची जबाबदारीही जाते, म्हणून बाहेरच्या वेळ-सर्व्हरची जोडणी तिथे नव्याने करावी लागते. केर्बेरॉस या लॉगिन तपासण्याच्या पद्धतीत घड्याळात पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की लॉगिन अडू लागते. डीएचसीपी हलवताना त्यातून संगणकांना मिळणारा डीएनएसचा पत्ता बदलायला विसरू नका. स्थिर आयपी दिलेले प्रिंटर आणि कॅमेरे त्यातून सुटतात, त्यांची यादी आजच करायला घ्या.

दुसरे उत्तर

नावाबद्दल लिहितो. फाइली हलवण्यासाठी स्टोरेज मायग्रेशन सर्व्हिस चांगली आहे आणि जुन्या सर्व्हरचे नाव व आयपी ती नव्याकडे सोपवू शकते. मात्र जुने यंत्र डोमेन कंट्रोलर असेल तर फक्त फाइली हलतात, नाव सोपवता येत नाही. तुमची स्थिती नेमकी हीच आहे. माझ्या मते या निमित्ताने डीएफएस नेमस्पेस सुरू करावे, म्हणजे मार्गात सर्व्हरचे नाव न येता डोमेनचे नाव येईल आणि पुढच्या वेळी सर्व्हर बदलला तरी ड्राइव्ह तसेच राहतील. एक्सेलच्या फाइलींमधील एकमेकींना जोडलेले दुवे मात्र जुन्याच नावाचे असतात, ते विभागवार शोधावे लागतील.

रोबोकॉपी या विंडोजमधील प्रत काढणाऱ्या आज्ञेने कार्यालय चालू असतानाच पहिली मोठी प्रत घ्या आणि सुट्टीत फक्त बदललेल्या फाइली आणा. /COPYALL हा पर्याय दिल्यास फोल्डरवरील एनटीएफएस परवानग्या (डिस्कवरील फाइलींच्या परवानग्या) प्रतीसोबत येतात, पण शेअरवरील परवानग्या येत नाहीत. त्या वेगळ्या नोंदवून ठेवा. स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारी जुनी यंत्रे असतील, तर ती एसएमबीच्या (नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याच्या पद्धतीच्या) पहिल्या आवृत्तीवर अवलंबून असू शकतात. नव्या सर्व्हरवर ही आवृत्ती मुळातच बसवलेली नसते आणि सुरक्षेच्या दृष्टीने ती पुन्हा सुरू करू नये.

तिसरे उत्तर

हिशेबाचा डेटाबेस शेवटी हलवा आणि महिनाअखेर टाळा. एसक्यूएल एक्स्प्रेसच्या २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, त्यामुळे सध्याचा आकार आधी पाहा. बॅकअप नव्या ठिकाणी रिस्टोअर केल्यावर डेटाबेसमधील वापरकर्ते येतात, पण सर्व्हरवरील लॉगिन येत नाहीत. ते स्वतंत्रपणे तयार करून जोडावे लागतात. एक्स्प्रेसमध्ये एजंट (ठरलेल्या वेळी कामे चालवणारा भाग) नसतो, म्हणून रोजच्या बॅकअपसाठी टास्क शेड्युलर वापरावा लागेल. आधी एक रंगीत तालीम करा आणि त्या प्रतीवर हिशेब विभागातील व्यक्तीलाच बिल, पावती आणि ताळेबंद काढून पाहायला सांगा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टप्प्याटप्प्यानेच करण्याचे ठरवले आहे. फक्त एक शंका उरते: अडचण आल्यास मागे फिरण्याची शेवटची वेळ कोणती मानावी?

पहिले उत्तर देणारे

ती प्रत्येक टप्प्याला वेगळी असते. डेटाबेसच्या बाबतीत नव्या ठिकाणी पहिली खरी नोंद झाली की मागे फिरणे महाग पडते, म्हणून हलवताच जुना डेटाबेस ऑफलाइन करा आणि जुने शेअर केवळ वाचण्यापुरते ठेवा. नाहीतर दोन्हीकडे नोंदी होऊन त्या जुळवणे फार कठीण जाते.

कंट्रोलरसाठी जुन्या यंत्राची इमेज परत आणून मागे फिरण्याचा विचारही करू नका, त्याने प्रतिकृतीचा हिशेब बिघडतो. सर्व भूमिका हलल्यानंतर जुना सर्व्हर आठवडाभर बंद ठेवा आणि कोणाचे काय अडते ते पाहा. सामान्यतः १८० दिवसांची टूम्बस्टोन मुदत (काढलेल्या नोंदींची खूण जपून ठेवण्याचा काळ) त्याहून कितीतरी लांब असल्याने एवढ्याने धोका नाही. कुठलेच काम अडले नाही, तर तो पुन्हा चालू करा, प्रतिकृती पूर्ण होऊ द्या आणि मगच रीतसर डिमोट करा (त्याची कंट्रोलरची भूमिका काढा).